पुसलेली आई, रंगवलेली लेक

(मांजरसुंबा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



तुमच्या गावाच्या चौकात रोज किती अनोळखी माणसं उतरतात! सोलापूरकडून येणारी, धुळ्याकडे निघालेली, पाटोद्याची, केज-अंबाजोगाईची. चहा घेतात, गाडी बदलतात, निघून जातात. त्यांची नावं विचारावीत असं कुणाला वाटत नाही. भिंतीवर टांगलेल्या जुन्या चित्रातल्या माणसाचं नाव मात्र आपल्याला हवंच असतं. ते सापडलं नाही तर आपण स्वस्थ बसत नाही. एखादं नाव ठेवून मोकळे होतो. पुढच्या पिढीला ते ठेवलेलं नाव आहे हे ठाऊकही नसतं. आजचा माझा विषय हा आहे: जुन्या चित्रातला अनोळखी माणूस ओळखायचा कसा, आणि ओळखता येत नसेल तेव्हा काय करायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. इथून जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला तिथे जी गर्दी लोटते ती तुम्ही दरवर्षी पाहता. घरोघरी स्वामींची तसबीर आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या संतकवीचं नाक असंच होतं का, असा प्रश्न त्या तसबिरीला कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. ते चित्र हात जोडण्यासाठी आहे. मी बोलणार आहे ते पुरावा म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या चित्रांबद्दल. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की घोटाळा सुरू होतो. महाराष्ट्रात तो बऱ्याचदा झाला आहे.

बीडला जाताना खजाना विहीर लागते. दुष्काळातही तिला पाणी असतं, याचा आपल्याला अभिमान आहे. ही विहीर मूर्तझा निजामशहाच्या काळातली. अहमदनगरच्या गादीवर तो १५६५ साली आला तेव्हा वयाने लहान होता, म्हणून राज्यकारभार त्याची आई खुंझा हुमायूं पाहू लागली. काही वर्षांनी मुलाने आईला कैद केलं आणि सत्ता हातात घेतली. मुलाच्या राजवटीची खूण आपल्या वाटेवर अजून पाणी देते आहे. आईची खूण पुण्यात आहे, आणि ती पुसलेली आहे.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-ए-हुसैनशाही’ नावाचं एक फारसी हस्तलिखित आहे. आफताबी नावाच्या कवीने खुंझा हुमायूंचा नवरा हुसेन निजामशहा याची स्तुती करण्यासाठी ते रचलं. तालिकोटची लढाई, विजयनगरचा पराभव, शहाचं वैभव, हे सगळं त्यात आहे. त्याबरोबर राणीच्या रूपाचं आणि विवाहाचंही वर्णन आहे, तेही हात आखडता न घेता. हुसेन निजामशहा तालिकोटनंतर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा हे पुस्तक राणीच्या हाती कारभार असतानाच सिद्ध झालं, असं अभ्यासक मानतात. दख्खनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

आता त्यातली चित्रं पाहा. सिंहासनावर शहा बसला आहे, आजूबाजूला सेवक आहेत, आणि शहाला अगदी लागून एक डाग आहे. पाणी सांडल्याचा किंवा वाळवीचा तो डाग नव्हे. कुणीतरी मुद्दाम रंग फासून एक बसलेली आकृती बुजवली आहे. पानामागून पान पाहत गेलं की तोच प्रकार दिसतो. डागाला माणसाचा आकार आहे. वरचा रंग विरळ आहे तिथे खालच्या बाईची रेषा जाणवते.

ती कोण, हे चेहऱ्यावरून ठरलेलं नाही. चेहरा उरलेलाच नाही! तरीही या ओळखीबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. शहाच्या शेजारी सिंहासनावर बसण्याचा मान कुणाचा? शेजारच्या कवितेत वर्णन कुणाचं? आणि ती व्यक्ती अशी कोण, जिच्या पदच्युतीनंतर तिचं चित्र दरबारात नकोसं झालं असेल? तिन्ही प्रश्न खुंझा हुमायूंकडे बोट दाखवतात. एका पानावर एक तरुणी झाडाला हात लावते आहे आणि झाड बहरलं आहे. हा आपल्या संस्कृत काव्यातला दोहद. अशोकाला सुंदरीचा स्पर्श झाला की तो फुलतो, ही कल्पना फारसी पोथीत येऊन बसली आहे. त्या पानावरच्या स्त्रीला कुणी हात लावलेला नाही. पुसणाऱ्याला ती राणी वाटली नसावी, की ते पान त्याच्या नजरेतून सुटलं, कोण जाणे.

खुंझा हुमायूंची लेक म्हणजे चांदबिबी. तिची ओळख या सभेत करून द्यायला नको. मोगलांच्या वेढ्यात नगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तिचं चित्रही सगळ्यांनी पाहिलेलं असतं: घोड्यावर स्वार, हातावर ससाणा, वाऱ्यावर उडणारा शेला. त्या चित्राच्या अनेक प्रती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. चांदबिबी सोळाव्या शतकाच्या शेवटी मारली गेली, आणि ही चित्रं १७०० च्या आसपासची व त्यानंतरची आहेत. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, तिला पाहिलेलं एकही माणूस हयात नसताना ती रंगवली गेली. शिकारीला निघालेली घोडेस्वार राजकन्या हा चित्रकारांचा ठरलेला विषय होता. त्या विषयाला लोकांनी आपली आवडती राणी बहाल केली.

आईचं चित्र तिच्या हयातीतलं होतं, ते पुसलं गेलं. लेकीचं खरं चित्र आपल्यापाशी नाही, पण तिच्या नावाचं चित्र घरोघरी पोचलं. चित्रातली माणसं ओळखण्याच्या शास्त्रात मला याहून चांगला धडा मिळालेला नाही. आपण ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवतो तो पुष्कळदा आपल्या इच्छेने काढलेला असतो, आणि खरा साक्षीदार शेजारच्या डागात बसलेला असतो.

आता महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं प्रकरण घेतो, शिवाजी महाराजांच्या चित्राचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचं म्हणून एक चित्र छापलं जात होतं. इटालियन प्रवासी मनुची याच्या ग्रंथाच्या आधाराने ते आलं, असं सांगितलं जाई. उत्सव सुरू झाले होते, पुतळ्यांची चर्चा होती, शाळांना चित्र हवं होतं. गरज मोठी होती, त्यामुळे ‘हे कशावरून?’ असं विचारणारा माणूस रसभंग करणारा ठरला असता. तो रसभंग वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी केला. ते चित्र इब्राहिमखान नावाच्या माणसाचं आहे हे त्यांनी दाखवून दिलं, आणि त्याच्या जागी डच साधनांतून मिळालेलं चित्र लोकांपुढे ठेवलं. १९२८ साली ‘साधन-चिकित्सा’ नावाचा ग्रंथ लिहिणारा हा माणूस. साधन हाती आलं की आधी त्याचीच उलटतपासणी करायची ही त्यांची शिस्त. पुढे संभाजी महाराजांच्या चरित्रातही त्यांनी तीच पाळली. दंतकथांच्या ढिगाऱ्याखालून एका राजाला बाहेर काढायला त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं दिली.

गंमत अशी की बेंद्र्यांनी चूक दुरुस्त केली, आणि त्या दुरुस्तीभोवतीच एक नवी दंतकथा तयार झाली. महाराज सुरतेला गेले तेव्हा व्हॅलेंटाइन नावाच्या डच अधिकाऱ्याची त्यांच्याशी भेट झाली, त्या वेळी हे चित्र काढलं गेलं, असं अजूनही छापून येतं. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन हा धर्मोपदेशक. त्याचं आयुष्य गेलं ते आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर आणि हॉलंडात. पूर्वेकडच्या डच वसाहतींवर त्याने प्रचंड ग्रंथ लिहिला, तो १७२४ ते १७२६ या काळात छापला गेला, आणि त्यात महाराजांचं चित्र आहे. पण त्याचा जन्म १६६६ चा. महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली! भेट व्हायची तर ती जन्माच्या दोन वर्षं आधी व्हायला हवी. चित्र बरोबर आहे, पण त्याची जन्मकथा खोटी आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे आपल्याला पटत नाही. चित्राला सन्मान द्यायचा तर त्याला प्रत्यक्ष भेटीचा जरीकाठ लावलाच पाहिजे, असं आपल्याला वाटतं.

मग ते चित्र बरोबर कशावरून? गोवळकोंड्यात सतराव्या शतकाच्या शेवटी राजे आणि सरदार यांच्या चित्रांचे संच तयार करून युरोपियनांना विकण्याचा धंदा चांगला चालत होता. असाच एक संच ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलस विट्सन याच्याकडे पोचला. तो १६८६ च्या सुमाराचा असून आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात महाराज आहेत, आणि चित्रावर डच भाषेत नाव आहे. मनुचीसाठी मीर मुहम्मद नावाच्या चित्रकाराने वेगळा संच केला. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यात महाराज घोड्यावर आहेत, भोवती पायदळ चाललं आहे. महाराज १६७७ मध्ये स्वतः कुतुबशहाच्या भेटीला हैदराबादेत गेले होते, तिथे त्यांचा मुक्काम झाला. गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी त्यांना पाहिलं असण्याची शक्यता त्यामुळे नुसती कल्पना राहत नाही. सरळ धारदार नाक, टोकदार दाढी आणि एका बाजूने दिसणारा चेहरा या संचांत पुन्हा पुन्हा भेटतो.

इथेही मी सावध राहीन. एकाच कारखान्यातून निघालेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, तो एकच साक्षीदार दहा वेळा बोलतो आहे. म्हणून चित्राबाहेरची साक्ष लागते. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलिऑट याने १६६४ च्या जानेवारीतच, पाहिलेल्यांच्या सांगण्यावरून, एका पत्रात वर्णन केलं आहे: उंची बेताची, बांधा सुरेख, नजर तीक्ष्ण, बोलताना हसल्यासारखं दिसणारं मुख, रंग आपल्या माणसांत उजळ. फ्रेंच प्रवासी थेवेनो उंचीबद्दल आणि डोळ्यांबद्दल त्याच्याशी सहमत आहे, पण रंग सावळा म्हणतो. युरोपियनाच्या डोळ्याला कोण उजळ आणि कोण सावळा दिसेल याचा भरवसा नाही, तेव्हा तो तपशील मी बाजूला ठेवतो. राहिले डोळे, आणि एका बाजूने काढलेल्या चित्रात त्यातला एकच दिसतो. तरीही कागदावरचं नाव, चित्राचा काळ, त्याचा प्रवास आणि ही वर्णनं एकत्र ठेवली की ओळख टिकते. कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेलं जे चित्र शासनाने अधिकृत मानलं ते आपल्या कचेऱ्यांत असतं. ते चित्रकाराच्या प्रतिभेचं काम आहे, आणि त्याची जागा हात जोडण्याच्या बाजूला आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता थोडं हत्यारांविषयी, कारण तरुण मंडळी त्यासाठीच आली असतील.

चेहरा शेवटी पाहायचा. आधी कपडे. मोगली आणि दख्खनी चित्रांत जाम्याचे बंद कुठल्या काखेत आहेत ते बघतात. मुसलमानांचे उजव्या आणि हिंदूंचे डाव्या बाजूला, असा संकेत होता. नाव नसलेल्या चित्रात एवढ्या एका गोष्टीने निम्मे उमेदवार बाद होतात. मात्र युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांत हा संकेत फसवतो. मूळ चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं की छापताना ते उलटं उमटतं. डावं ते उजवं होतं, तलवार दुसऱ्या कमरेला जाते. छापील चित्रावरून निदान करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग कागद आणि रंग. विलायती कागद उजेडासमोर धरला की आतलं जलचिन्ह दिसतं, आणि अठराव्या शतकाच्या शेवटापासून इंग्लंडच्या कागदात कधी कधी सालही असतं. प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास निघाला. सतराव्या शतकातलं म्हणून पुढे केलेल्या चित्राच्या मूळ थरात तो सापडला तर पुढचं बोलणं खुंटलं. या परीक्षांनी माणूस कोण ते कळत नाही, तो कोण नव्हता ते कळतं. तेही पुष्कळ आहे.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक अडचण. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. शेरवानी आणि रुमी टोपी घातलेला माणूस दिसला की आजची पोरं त्याला बेधडक मुसलमान ठरवतात. संस्थानातले हिंदू अधिकारी, वकील, जहागीरदार हाच पोशाख करत. महाराजा किशनप्रसाद, निजामाचे दिवाण, यांचे फोटो पाहा. जाम्याच्या बंदाचा नियम जिथे चालतो तिथे चालतो; शेरवानीची बटणं मधोमध असतात, ती धर्म सांगत नाहीत.

मराठी मुलखाबाहेरचं एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. टॉमस हिकी या आयरिश चित्रकाराने १८०५ च्या सुमारास रंगवलेलं एक मोठं तैलचित्र आहे. दागिन्यांनी मढलेल्या तीन स्त्रिया. कितीतरी वर्षं त्या नाचणाऱ्या किंवा रखेल्या असाव्यात असं मानलं गेलं. राजघराण्यातल्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर बसतीलच कशा, हा त्यामागचा हिशेब. डॉ. नायजेल चान्सेलर यांनी वेगळा प्रश्न विचारला: उजवीकडची तरुणी पदर असा ओढून दंड का दाखवते आहे? त्यांचं उत्तर असं की, देवीची लस टोचलेली जागा ती दाखवते आहे. डावीकडच्या तरुणीच्या नाकातोंडाभोवती फिकट डाग आहेत. खपल्यांची पूड हुंगायला देण्याच्या जुन्या उपायाची ती खूण असावी. या दोघी म्हैसूरच्या तरुण कृष्णराज वडियारांच्या राण्या, आणि मधली आजी लक्ष्मी अम्मणी, अशी त्यांची मांडणी आहे. २००७ मध्ये हे चित्र लंडनला लिलावात आलं तेव्हापासून ती जगभर पोचली. हिंदुस्थानात पहिली लस १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. तिथून तीन वर्षांत राजवाड्यातली राणी स्वतःचा दंड पुढे करते, म्हणजे लोकांनी भिऊ नये यासाठीचा हा जाहिरातीचा प्रकारच म्हणायचा. मला या मांडणीत आवडतं ते हे की, ती गळ्यातल्या मोत्यांपाशी न अडता हाताच्या हालचालीपर्यंत गेली.

तुमच्यापैकी कुणी विचारेल, आता मोबाइलमध्ये चेहरा ओळखणारं यंत्र आहे, ते का लावत नाही? लावून पाहा. ते यंत्र फोटोवर शिकलेलं असतं. जुन्या चित्रकाराच्या हाताखाली मात्र सगळ्या सरदारांना एकच डोळा मिळतो आणि सगळ्या राण्यांना एकच भुवई. यंत्र दोन माणसं सारखी असल्याचं सांगेल, आणि प्रत्यक्षात सारखा असेल तो चित्रकार.

शेवटी या गावापुरतं. इथे आणि आजूबाजूच्या नेकनूर, चौसाळा भागातल्या जुन्या घरांत लघुचित्रं सापडण्याची आशा मी करत नाही. सापडतील ते फोटो, आणि फोटोवरून मोठी करून हाताने रंगवलेली चित्रं. माळ्यावर असतील, देवघराच्या मागे असतील. काच बदलायला देताना फ्रेमवाला मागचा जुना पुठ्ठा फेकून देतो, तो फेकू देऊ नका. स्टुडिओचं नाव आणि क्रमांक तिथेच असतो. सिकंदराबादच्या राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओत काचेच्या प्रत्येक पट्टीला क्रमांक देत असत, आणि असा एक आकडा कधी कधी सगळ्या घराण्याच्या आठवणीपेक्षा जास्त सांगतो. चित्र ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेट करू नका. पुढच्या बाजूइतकाच नीट फोटो मागच्या बाजूचाही काढा.

आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. पुरुष बहुधा पगडी पाहून ‘आमचे पणजोबा’ म्हणतील. बायका नथ कुणाकडून कुणाकडे गेली ते सांगतील, आणि त्या नथीवरून चित्रातली बाई कोण ते निघेल. त्यांनी सांगितलेलं नाव पेन्सिलीने पाठीमागे लिहा, शाईने नको. नावाशेजारी ते कुणी सांगितलं आणि कुठल्या साली सांगितलं, तेही लिहा. दोघींनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहा. कुणीच काही सांगू शकलं नाही, तर ‘ओळख पटलेली नाही’ एवढंच लिहून खाली तारीख घाला, म्हणजे आपल्यानंतर पाहणाऱ्याला शोध कुठून सुरू करायचा ते कळेल.